नानांना शब्द ऐकू आले पाहिजेत

प्रिय भावड्या,

परवा फोनवर तू म्हणाला, "तू जळगावला आहे, गोलाणी मार्केटला चक्कर मार आणि दीड-दोन हजारात कॉम्प्युटरचे चांगले दणदणीत स्पीकर घेऊन टाक," आणि मी सांगायला लागलो तर तुझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं अन् फोन कट. म्हणून हे लांबलचक लिहून राहिलो. रात्री दुकान वाढवल्यावर निवांत वाच, आणि वहिनींनाही दाखव, कारण तुझा तो "दणदणीत" शब्द ऐकूनच मला धडकी भरली.

दणदणीत मी घेऊन बसलेलो आहे भो. तुला आठवत असेल, नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात मी टू पॉइंट वन सेट आणला होता, दोन छोट्या डब्या आणि खाली तो काळा खोका, वूफर, समोर निळा लाइट. खोक्यावर मोठ्या अक्षरात २००० वॅट आणि शेजारी बारीक अक्षरात पीएमपीओ. मी म्हटलं वा, लग्नाचा डीजे आला घरात. दहा बाय बाराची खोली, वूफर कोपऱ्यात, वरती मावशीने दिलेला स्टीलच्या डब्यांचा रॅक. गाणं लावलं की डबे किणकिण करायचे, घरमालक काकू वरून पाय आपटायच्या, आणि बातम्या लावल्या की निवेदक मडक्यात तोंड घालून बोलतोय असं वाटायचं. दोन वर्षं वापरला, शेवटी वूफरची वायर काढून ठेवली आणि नुसत्या डब्या ऐकल्या तर त्या पत्र्यासारख्या वाजायच्या, कारण सगळा खर्च त्या खोक्यावर आणि लाइटवरच झाला होता!

तेव्हा पहिली गोष्ट, पीएमपीओ दिसला की डोळे मिटून घे. त्याला काही ठरलेलं माप नाही, क्षणभराच्या उसळीचा आकडा कसाही फुगवता येतो. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सलग किती वाजेल तो. आणि तिथंही डोकं लाव. यूएसबीवर चालणारे स्पीकर असतात ना, त्यांना साध्या यूएसबी २.० पोर्टातून नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे अडीच वॅट. निळा पोर्ट असतो तो बहुतेक ३.० वाला, त्यातून ९००, म्हणजे साडेचार वॅट. आता त्याच एका वायरीवर चालणाऱ्या डबीवर ४० वॅट लिहिलेलं असेल तर बाकीचे वॅट काय गिरणेच्या कॅनॉलमधून येणार का? आणि वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. टेबलावर हातभर अंतरावर ठेवायच्या स्पीकरला चार-पाच खरे वॅट म्हणजे डोक्यावरून पाणी.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे पत्र. आखाजीला (अक्षय तृतीयेला) मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तू मॉनिटरच्याच आतल्या स्पीकरवर अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेतलं कीर्तन लावलं होतं, नाना खुर्ची ओढून अगदी स्क्रीनला चिकटून बसले होते, एक हात कानामागे, आणि तू व्हॉल्यूम शंभरवर नेला तरी ते म्हणाले, "आवाज ते मोठा शे, पन काय बोली ऱ्हायना ते समजत नही." तू हसला, मीही हसलो, पण जळगावला येईपर्यंत गाडीत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. नाना बरोबर बोलले होते. शब्दाची धार स, श, त, थ, क, ख असल्या अक्षरांत असते आणि ती वरच्या, बारीक पट्टीत असते, वय झालं की कान तिथलेच आधी जातात. म्हणजे नानांना धबधब वाढवून काही फायदा नाही, उलट धबधब उरलेले शब्दही झाकून टाकते. आणि पोरगी दहावीला गेली, ती दिवसभर गणिताचे व्हिडिओ बघणार, तिथंही सर काय म्हणतात ते कळलं पाहिजे, तबला नाही. तुझ्या घरी स्पीकर ऐकणारी माणसं ही दोघं, तू तर दुकानातच असतो. म्हणून वूफर विसर, टू पॉइंट झिरो घे, नुसत्या दोन डब्या.

(हां, दिवाळीत अंगणात गाणी लावायची असतील तर ती वेगळी गोष्ट, त्याला माझा जुना खोका माळ्यावर पडलाय, येऊन घेऊन जा.)

दुकानात काय होतं ते सांगतो. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एकासाठी गेलो होतो. पोराने लगेच ढिंच्याक गाणं लावलं, सगळे दुकानदार तेच लावतात, कारण त्यावर कुठलाही डबा भारी वाटतो. मी म्हटलं भाऊ, बातम्या लाव, बाईचा आवाज पाहिजे. त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी भरीत खायला येऊन वांगं नको म्हणालो. पण लावल्या, आणि तीन जोड्यांपैकी दोन तिथंच बाद झाल्या, एकात "स" म्हणजे नुसता फस्स फस्स, दुसऱ्यात बाईला सर्दी. मग गाणं बंद करून नुसता व्हॉल्यूम फुल केला आणि कान जवळ नेला, सूं असा आवाज किती येतो ते बघायला. मग बटण हळूहळू फिरवलं, खर्र खर्र करतं का. आणि अगदी कमी आवाजावर आणून ऐकलं, कारण स्वस्त बटणात तिथं एक डबी बोलते आणि दुसरी मुकी असते. रात्री पोरगी अभ्यास करते तेव्हा आवाज कमीच असणार ना. शेवटी बोटाच्या पेराने पाठीवर टकटक केलं, जी डबी रिकाम्या डालड्याच्या डब्यासारखी वाजली ती परत ठेवली.

डालड्यावरून आठवलं, १९४५ साली तुमच्याच अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी म्हणून निघालेली विप्रो पुढे कॉम्प्युटरमध्ये गेली, आणि तू अमळनेरकर असून हिरवं भोक कोणतं ते मला विचारतो. असो. सीपीयूच्या मागे हिरवं भोक असतं त्यात पिन घालायची, पुढच्या भोकात शक्यतो नको, तिथं आतल्या लांब वायरीमुळे बऱ्याचदा किरकिर येते. आणि पिन घालूनही आवाज आला नाही तर दुकानदाराला शिव्या घालू नको, तुझा मॉनिटर एचडीएमआयवर आहे, कॉम्प्युटर आवाज तिकडेच पाठवत बसतो, खाली कोपऱ्यात स्पीकरच्या चित्रावर जाऊन आउटपुट बदलायचं.

घूंSS असा आवाज आला तर मात्र वेगळी भानगड. माझ्याकडे वर्षभर यायचा, मी स्पीकरलाच दोष देत होतो. एकदा वायरमन फॅन बसवायला आला, त्याने सहज बोर्ड उघडला तर थ्री पिनच्या वरच्या भोकाला अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती, आत नुसतीच गुंडाळून ठेवलेली, टोकाला काळी टेप. जोडली आणि घूं गायब. तुझं घर जुनं आहे, स्पीकर येवोत न येवोत, ते आधी बघून घे, शॉकचाही प्रश्न आहे. वीजवाल्या जोडीचा प्लग आणि सीपीयूचा प्लग एकाच बोर्डावर ठेव. यूएसबीवाली घेतली आणि माउस हलवला की किर्र किर्र आलं तर पोर्ट बदलून बघ. ब्लूटूथच्या नादी लागू नको, काहींमध्ये ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, नाना आणखी वैतागतील.

नावं विचारली होती तू. क्रिएटिव्हचे पेबल मला आवडतात, गोटे आहेत छोटे, स्पीकरचं तोंड ४५ अंशात वर कानाकडे वळवलेलं, आणि कंपनी गुपचूप ४.४ वॅट लिहिते, फुशारकी नाही. निळ्या पोर्टाला लावायचे. लॉजिटेकचे झेड १२० अजून साधे, सव्वा वॅटच्या आसपासचे, पोरीच्या एकटीच्या अभ्यासाला पुरतील पण कुलर चालू असताना नानांना नाही पुरणार. एडिफायरचे लाकडी आर १२८० टी मी एकाकडे ऐकले, ४२ वॅट, चार इंची स्पीकर, भो काय आवाज होता, पण ते आपल्या बजेटच्या पार पलीकडे, त्यांचं नाव घरी काढू नको. माझं मत विचारशील तर पेबल, पण आधी नानांच्या कानाने पास झाले तर.

आणि हो, कुलर. दुकानात एसी असतो, तिथं सगळं स्वच्छ ऐकू येतं. तुमच्याकडे मे महिन्यात खोलीत कुलर असा घरघरतो की शेजारचा माणूस ओरडून बोलतो. स्पीकर लांब ठेवून आवाज वाढवण्यापेक्षा जवळ आण. मॉनिटरच्या दोन बाजूंना, नाना बसतात तिथून सारख्या अंतरावर, तोंड त्यांच्याकडे, आणि खाली काहीतरी देऊन कानाच्या उंचीला आण. मी जुनी रबरी चप्पल कापून चार चार तुकडे खाली लावलेत, टेबल थरथरत नाही, बायको म्हणते चप्पल स्पीकरखाली ठेवणारा तू पहिलाच. भिंतीच्या कोपऱ्यात घुसवू नको, तिथं आवाज उगाच घुमतो.

मी एकटा जाऊन घेणार नाही. येत्या शनिवारी सुरत-भुसावळ गाडीने ये आणि नानांना घेऊन ये, उन्हाचा त्रास नको म्हणून सकाळीच. मोबाईलमध्ये ते यात्रेचं कीर्तन डाऊनलोड करून आण, दुकानात तेच लावू. निघण्याआधी मॉनिटरची रुंदी टेपने मोजून आण, दोन डब्यांमधली वायर आखूड निघते कधीकधी. जेवायला शेवभाजी घरीच करायला सांगतो, नानांना तिखट कमी लागतं का ते कळव.

तुझाच,
जळगाववाला