राणीच्या गाडीत मागे लोकर, पुढे चामडं

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत लक्झरी गाड्यांची तुलना आली होती ती वाचली. म्हणजे आधी फोटो बघितले आणि मग वाचली. जर्मन, जपानी, ब्रिटिश, स्वीडिश सगळ्या होत्या, पण आतल्या सजावटीबद्दल प्रत्येक गाडीला तेच ते, "प्रीमियम फील", "सॉफ्ट टच" आणि स्क्रीन किती इंचाची. अहो, गाडी घ्यायचीय की टीव्ही? माझं परळला सीट कव्हर आणि अपहोल्स्ट्रीचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचं. ते प्रीमियर पद्मिनीच्या सीटवर रेक्झिन चढवायचे, माझ्याकडे आता कोटी-दीड कोटीच्या गाड्या येतात, आणि सीटची शिलाई, फोम, दाराचा पॅड उघडून बघितला की गाडी कुठल्या देशाची ते लोगो न बघता कळतं. सगळ्यांना एकच शेरा मारून कसं चालेल?

जर्मन घ्या. त्यांचं सगळं हिशेबाने. बीएमडब्ल्यूने 1975 साली पहिली 3 सिरीज काढली त्यात मधला डॅशबोर्ड ड्रायव्हरच्या बाजूला थोडा वळवला, कारण चालवणारा तोच मालक हे त्यांनी धरूनच चाललेलं. मर्सिडीजने जुन्या एस क्लासच्या दारावर सीट हलवायचं बटणच छोट्या सीटच्या आकाराचं दिलं, पाठीचा तुकडा मागे ढकलला की पाठ मागे जाणार, गादीचा तुकडा उचलला की गादी वर, पुस्तक वाचायला नको की मुलाला हाक मारायला नको. माझ्या मते गाडीत आजवर बसवलेली सगळ्यात हुशार वस्तू ती आहे. आणि याच लोकांनी 2021 मध्ये हायपरस्क्रीन दाखवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत 56 इंचाची सलग काच आणि तिच्याखाली तीन स्क्रीन! तो बसवलेली त्यांची विजेवरची इक्यूएस गाडी आपल्या चाकणला जोडायला लागले, दिसायला झकास आहे, नाही म्हणत नाही, पण अशी गाडी घेतलेल्या एका गिऱ्हाइकाने मला पहिला प्रश्न काय विचारला तर "गणपती कुठे बसवू?" आणि मला खरंच उत्तर देता आलं नाही, सपाट जागाच नाही हो, शेवटी दोन सीटच्या मधल्या झाकणावर बसवला, आता कोपर टेकवताना दरवेळी सांभाळावं लागतं.

ब्रिटिशांचं वेगळं. त्यांना गाडीत बैठकीची खोली हवी. बेंटलीमध्ये अक्रोडाच्या लाकडाचे एकाच खोडातून निघालेले लागोपाठचे पापुद्रे घेतात आणि डावी बाजू उजवीला आरशातल्यासारखी जुळवतात, रेषेला रेष. एसीचं तोंड उघडायला-बंद करायला धातूचा दांडा ओढायचा-ढकलायचा, तो असा सुळकन जड सरकतो की गिऱ्हाईक उगाच चार वेळा ओढून बघतं. रोल्स रॉईसच्या छतात तारे आहेत ते तर सगळ्यांना माहीत झालंय, चामड्याला बारीक भोकं पाडून प्रत्येकातून फायबर ऑप्टिकची तार हाताने ओवायची, हजाराच्या आसपास किंवा जास्तच. आमच्याकडे आता हॅचबॅकवाले पण येतात, "बॉस, तारे लावून द्या", लावतो आम्ही, धंदा आहे, पण रिमोट दाबला की जांभळे-हिरवे पेटणारे तारे बघून मला रात्र नाही, लग्नाचा हॉल आठवतो. आणि गंमत म्हणजे रोल्स रॉईस बीएमडब्ल्यूची, बेंटली फोक्सवॅगनची आणि जॅग्वार लँड रोव्हर 2008 पासून टाटांची, म्हणजे आवड इंग्रजांची आणि मालक आपल्या फोर्टातला. हे तुमच्या लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं ना, मुंबईचा पेपर आहे.

जपान्यांकडे मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतो. लेक्ससच्या एलएस 500 मध्ये दाराच्या पॅडवर हाताने घातलेल्या चुण्यांचं कापड दिलेलं, घडीवर घडी, ओरिगामीसारखं, आणि वर किरिको म्हणजे त्यांच्याकडची हाताने कापून नक्षी काढलेली काच. आमच्या धंद्यातल्या माणसाला चुण्या म्हणजे काय ते विचारा, एक चुणी अर्धा मिलिमीटर सरकली की पुढच्या सगळ्या तिरक्या जातात आणि सगळं उसवून परत. तिथल्या कारागिरांची एक चाचणी ऐकून असाल, ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताने कागदाचं मांजर करायचं, तेही दीड मिनिटाच्या आत. मी आमच्या पोरांना सांगितलं तर हसली, मग जेवणाच्या सुट्टीत गुपचूप करून बघत होती.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. तुमच्या लेखात सगळीकडे चामडं म्हणजे भारी आणि कापड म्हणजे हलकं असं गृहीत आहे. गिऱ्हाइकं पण तेच म्हणतात. पण हे मुळात उलट होतं हो! पहिल्या-पहिल्या मोटारी आल्या तेव्हा ड्रायव्हर उघड्यावर बसायचा, ऊन-पाऊस अंगावर, म्हणून त्याच्या सीटला चामडं, कारण ते टिकतं आणि पुसता येतं. मालक मागे बंद डब्यात, त्याला भारी कापड, मऊ, आवाज न करणारं. इंग्लंडच्या राणीला 2002 मध्ये बेंटलीने जी खास लिमोझिन दिली तिच्यात मागे राणीसाठी लोकरीचं कापड आणि पुढे ड्रायव्हरला चामडं, एकविसाव्या शतकात सुद्धा! जपानमध्ये टोयोटा सेंच्युरी नावाची गाडी आहे, 1967 पासूनची, मोठे उद्योगपती, मंत्री वगैरे तिच्यात फिरतात, तिला लोकरीच्या सीट आणि खिडकीला जाळीचे पडदे. चामडं बसताना-उठताना करकरतं, मालकाला तो आवाज पण नको. त्यांच्या सम्राटासाठी 2006 मध्ये जी सेंच्युरी केली तिच्यात आत लोकरीचं कापड, पाय ठेवायला ग्रॅनाइटची पायरी आणि छताला तांदळाचा कागद, आणि चमकणारं असं काहीच नाही.

आणि हे नुसतं राजा-राणीचं नाही. व्हॉल्वो लोकर मिसळलेल्या कापडाच्या सीट देते (त्यांच्या सीट तशाही पाठीला बऱ्या, आणि काही गाड्यांच्या गिअरवर ओरेफोर्स या त्यांच्याकडच्या काचवाल्यांची खरी स्फटिकासारखी काच, स्वीडनवाले तेवढाच एक दागिना घालतात). रेंज रोव्हरने वेलारमध्ये क्वाड्राट नावाच्या डॅनिश कंपनीचं लोकरीचं कापड दिलं, बीएमडब्ल्यूने आय 7 मध्ये काश्मिरी लोकर दिली. अल्कांतारा तर सगळ्यांनी ऐकलंय, इटालियन गाड्यांची शान वगैरे, ते चामडं नाहीच, 1970 मध्ये जपानच्या तोरे कंपनीतल्या शास्त्रज्ञाने शोधलेलं कृत्रिम कापड आहे, पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन, फक्त बनतं इटलीत. माझ्याकडे लोक येऊन "ओरिजनल अल्कांतारा लेदर" मागतात, मी काही बोलत नाही.

मग मुंबईत कापड का नको? डाग पडतात म्हणून, पावसात ओले कपडे म्हणून, आणि खरं कारण म्हणजे पाहुण्याला दाखवायला चामडं लागतं. डागाचं मान्य आहे, घरात पोरं असतील तर नका घेऊ. पण चामड्याचं इथे काय होतं ते पण ऐका. गेल्या पावसाळ्यात एक युरोपियन गाडी आली, कंपनीचं नाव नको, मालक परदेशी गेलेले आणि गाडी दोन-तीन आठवडे बिल्डिंगखाली बंद. दार उघडलं तर आधी वास, मग दिसलं, बेज रंगाच्या मागच्या सीटवर शिलाईच्या कडेने पांढरट बुरशी, जिथे माणूस टेकतो तिथे घामाचं तेल मुरलेलं असतं बरोबर त्याच आकारात. दुसऱ्या एका गाडीचं छत लोंबत होतं, कापडामागचा पातळ फोम दमटपणाने भुसा होऊन जातो आणि गोंद धरतो कशाला, मालकांनी नोटीस बोर्डच्या टाचण्या मारून वर धरलेलं, साठ-सत्तर लाखांची गाडी आणि छताला टाचण्या. बटणांवर जो रबरासारखा मऊ रंग देतात तो आपल्या हवेत काही वर्षांनी चिकट होतो, बोटाला लागतो. थंड्या सीटचं म्हणाल तर चामड्याला बारीक भोकं आणि खाली पंखा, छान वाटतं, पण भोकांत धूळ आणि क्रीम बसून ती बुजतात, सीट कव्हर घातलं तर विषयच संपला. जाता जाता एक सांगतो, नव्या गाड्यांच्या सीटमध्ये बाजूला एअरबॅग असते, तिथली शिलाई मुद्दाम फाटेल अशी घातलेली असते, त्यावर जाड कव्हर चढवून घेऊ नका, स्वस्तात कोणी करून देत असेल तरी.

अमेरिकेचं थोडक्यात. त्यांना आधीपासून ऐसपैस लागतं, आपल्या शिवडीला 1928 पासून जनरल मोटर्सचा कारखाना होता, त्या काळातल्या गाड्यांना पुढे पण सोफाच. आता टेस्ला, 2025 च्या जुलैत बीकेसीला शोरूम उघडलं तेव्हा मी जाऊन बसून आलो, आत एक स्क्रीन आणि बाकी मोकळं, ड्रायव्हरसमोर वेगाचा काटा पण नाही, तो पण मधल्या स्क्रीनवर. चिनी गाड्या त्याच वाटेवर, वर फ्रिज आणि सोफा. मला वाटतं ही स्क्रीनची हौस उतरणार, कारण युरोपातल्या गाड्यांची सुरक्षा तपासणारी जी यूरो एनकॅप आहे तिने 2026 पासून हॉर्न, वायपर, इंडिकेटर, पार्किंगचे चार दिवे आणि इमर्जन्सी कॉल एवढ्यांना खरी बटणं असावीत असं धरलंय, नसतील तर पाच स्टार अवघड.

आणि तुलना करताना तुमचे पत्रकार बसले कुठे? पुढे. मुंबईत एवढ्या पैशाची गाडी घेणारा बहुतेक मागे बसतो, हे मर्सिडीजला 2017 मध्येच कळलं, लांब ई क्लास उजव्या स्टिअरिंगची पहिल्यांदा भारतात आणली ती त्याचसाठी, बीएमडब्ल्यूने पण 2024 ला लांब 5 सिरीज आणली. पुढे ड्रायव्हर असतो जो साहेबांची मीटिंग संपेपर्यंत त्याच सीटवर तीन-तीन तास बसून असतो, त्याला एकदा तरी विचारा की कुठल्या देशाची सीट कंबरेला बरी.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी तुलना कराल तेव्हा मे महिन्यात करा, दुपारी अंधेरी ते फोर्ट, मागच्या सीटवर बसून, साधा कॉटनचा शर्ट घालून, आणि उतरल्यावर पाठ किती भिजली ते छापा. त्याच्याच शेजारी एक रकाना द्या, ही गाडी भारतात कापडी सीटमध्ये मिळते का, हो किंवा नाही. माझ्या अंदाजाने बहुतेक ठिकाणी नाहीच येईल. धंदा माझा चामड्यावरच चालतो, तरी लिहितोय.

आपला,
एक जुना वाचक आणि सीट कव्हरवाला,
परळ, मुंबई