माईसाठी तुला पत्र

प्रिय नंदा,
सप्रेम नमस्कार.

आम्ही सर्व कुशल आहोत. माझा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, त्याविषयी अधिक लिहीत नाही. पत्र माईसाठी लिहीत आहे. प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघाली, नगरपरिषदेतली तिची जागा सर्वसाधारण, म्हणजे सर्वांसाठी खुली झाली आणि त्याच संध्याकाळी ती मला म्हणाली, "चला, माझं काम संपलं." ते ऐकून मला काय झाले, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगणार? तिची पहिली निवडणूक तू जवळून पाहिली आहेस.

तेव्हा जागा ओबीसी महिलेसाठी राखीव होती. मतदारयादीत सासरचे नाव आणि जातीच्या दाखल्यावर माहेरचे, अशा पेचात तिचा अर्ज अडकला होता. जात वडिलांच्या बाजूनेच सिद्ध करावी लागत असल्याने तू तिच्या माहेरी जाऊन आजोबांच्या शाळेतली नोंद शोधून आणलीस, आणि या दोन नावांची बाई एकच आहे असे प्रतिज्ञापत्र आपण करून घेतले. पुरुष उमेदवारालाही जातीचा पुरावा द्यावा लागतो, पण लग्नामुळे त्याचे नाव बदललेले नसते. उमेदवारीच्या पहिल्याच पायरीवर बाईला जास्तीची धावपळ पडते, आणि ती कोणाच्या हिशेबात धरली जात नाही.

निवडून आल्यावर पहिले वर्षभर नगरपरिषदेतले फोन तिच्या नवऱ्याला, भाऊजींनाच येत. माई मात्र अंदाजपत्रकाची जाडजूड प्रत घरी आणून पेन्सिलीने खुणा करीत वाचायची. वरच्या आळीच्या जलवाहिनीसाठी मंजूर झालेली रक्कम वर्षाअखेरीस तशीच शिल्लक दाखवलेली तिला आढळली आणि तिने सभेत पानाचा क्रमांक सांगून प्रश्न विचारला. त्यानंतर पाणीपुरवठ्याचे अभियंता थेट तिलाच फोन करू लागले. आता तीच जागा खुली होताच पक्षाचे लोक घरी येऊन नम्रपणे सांगून गेले, की ताईंनी या वेळी एखाद्या कार्यकर्त्याला संधी द्यावी. मग इतकी वर्षे माई कोण होती? तू उभी राहू नकोस असे तिला कोणी म्हटले नाही, पण उभी राहा असेही कोणाच्या तोंडून निघाले नाही. पुरुषाला असे कोणी म्हणण्याची वाट पाहावी लागत नाही, असे मला दिसते.

आपला जुना वाद आठव. राखीव जागेवर बाईच्या नावाने नवराच कारभार करतो, असे तू म्हणायचीस आणि मी चिडायचे. तू म्हणायचीस तशी उदाहरणे आहेत, मी नाकारीत नाही. पण पुढची गोष्ट ऐक. मुंबई महापालिकेत १९९७ साली महिलांसाठी राखीव असलेले प्रभाग २००२ मध्ये खुले झाले, तेव्हा आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत तिथे बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट होती, असे रिखिल भवनानी या अभ्यासकाने दाखवून दिले. म्हणजे आरक्षण उठले तरी त्याने केलेले काम पुसले जात नाही. मतदार बाईला मत द्यायला शिकतो, आणि बाईलाही आपण निवडणूक लढवू शकतो हे कळलेले असते. माईचा प्रभाग आज नेमका याच वळणावर आहे, आणि ती मागे फिरली तर तिच्यानंतरच्या बाईला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

आपल्या राज्यात स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी आहेत, म्हणजे कारभार केलेल्या बायकांची वाण नाही. तरी २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी एक दशांशही महिला निवडून आल्या नाहीत आणि लोकसभेत ५४३ पैकी ७४ आल्या. कायद्याने बांधले नाही तिथे पक्ष बाईला क्वचितच तिकीट देतात. २०२३ ची घटनादुरुस्ती विधानसभा-लोकसभेत एक तृतीयांश जागा देते, पण ती जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी बांधली गेली. माईला तोवर थांबायला सांगू का?

तिची खरी भीती वेगळी आहे. गेल्या प्रचारात तिच्या चारित्र्याविषयी जे पसरवले गेले, ते तिने भाऊजींनाही पूर्ण सांगितलेले नाही. आता मुलगी मोठी झाली आहे आणि तिच्या मोबाईलवर ते सर्व येईल, याची तिला धास्ती आहे. शिवाय तिकिटाच्या बैठका रात्री उशिरा, कोणाच्या तरी फार्महाऊसवर होतात आणि तिथे ती जाऊ शकत नाही. खर्चाचा प्रश्न तर आहेच; घर आणि शेत दोन्ही भाऊजींच्या नावावर आहे, त्यामुळे प्रत्येक रुपयासाठी तिला आधी घरात होकार मिळवावा लागतो. एवढे सगळे पाहून ती नको म्हणते, आणि लोक म्हणतात, बायकांना राजकारणात रस नसतो! मला याचा संताप येतो, नंदा.

तुझी बदली झाली का? चिरंजीवांच्या परीक्षेचे काय झाले, तेही कळव. अर्ज पुढच्या महिन्यात सुरू होतील. तू माईला फोन कर आणि "तू उभी राहा" असे स्पष्ट शब्दांत सांग. माझे म्हणणे ती शेजारणीचे म्हणून सोडून देते, तुझे ऐकते. भाऊजींशीही एकदा बोल. ती हो म्हणाली तर सूचक म्हणून माझी सही आहेच, आणि पक्षाने एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचे पत्र, दिला नाही तर अपक्ष लढण्याचा हिशेब मी मांडून ठेवला आहे. तो तुला वेगळ्या कागदावर पाठवते, एकदा नजरेखालून घाल.

तुझी,
शैला