आधी कॉक, मग चोक, मग किक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गेले काही आठवडे वाचक आपापल्या पहिल्या मोटरसायकलविषयी लिहीत आहेत. मी ती सगळी पत्रे वाचली, काही दोनदा. कंपनी, सीसी, रंग, वेग, लिटरमागे किती धावायची, कोणाला मागे बसवले, कितीला विकली हे सगळे त्यांत आहे आणि ते वाचताना मन भरून आले. पण ती गाडी सुरू कशी करायची, हे एकाही पत्रात नाही. माझ्या मते सगळ्यात आधी लिहून ठेवायला हवे ते हेच. म्हणून हे पत्र.

माझी पहिली गाडी अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक (पिस्टन एकदा वर, एकदा खाली, एवढ्यातच इंजिनाचे एक चक्र पुरे) होती, जुनी, आधी दादाची. १९८४ साली मी एकोणीस वर्षांची असताना ती माझ्याकडे आली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आले की पत्र त्या कंपनीचे होते. मला हातांबद्दल लिहायचे आहे. (आतापर्यंतच्या पत्रांत बाईचे एकही नाही, हेही या निमित्ताने नोंदवते. माझ्यासारख्या अनेक जणी असणार, त्यांनी लिहावे.)

त्या गाडीने मला पहिल्यांदा शिकवले ते चालवणे नव्हे. स्टँडवर चढवणे शिकवले. दोन दिवस मी हँडल धरून तिला मागे ओढत होते आणि ती जागची हलत नव्हती. दादाने पाहिले आणि म्हणाला, "ओढू नकोस. पट्टीवर उभी राहा." उजवा पाय स्टँडच्या पट्टीवर ठेवून अंगाचे सगळे वजन त्यावर टाकले आणि गाडी आपण होऊन मागे चढली. दंडात ताकद असण्याचा काही संबंध नव्हता. आजही एखादा तरुण मुलगा जड गाडीशी झटताना दिसला की माझाच उजवा पाय जमिनीवर दाबला जातो.

त्या गाडीला पेट्रोल दाखवणारा काटा नव्हता. टाकीचे झाकण उघडून आत बघायचे किंवा गाडी हलवून आवाज ऐकायचा. रस्त्यात पेट्रोल संपत आले की इंजिन दोन-तीन आचके द्यायचे, आणि गाडी चालती ठेवूनच डावा हात टाकीखाली जाऊन कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, रिझर्व्हवर फिरवायचा. त्यामागची रचना फार साधी आहे. टाकीच्या आत एक नळी उंच असते. पेट्रोलची पातळी तिच्या तोंडाखाली गेली की त्या वाटेने येणे थांबते, आणि कॉक फिरवला की तळाजवळची वाट उघडते. वेगळी टाकी नाही, वेगळे यंत्र नाही, फक्त नळीची उंची. पेट्रोल भरल्यावर कॉक परत मूळ जागी आणायचा राहिला, तर पुढच्या वेळी रिझर्व्ह शिल्लकच नसते. हे मी एकदा पाच किलोमीटर गाडी ढकलून शिकले, आणि मग कधी विसरले नाही.

आता उताराची गोष्ट. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत इंजिन ऑइलची वेगळी सोय नसे. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे. आमच्या गाडीला वीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. हे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत येते, बेअरिंगांना तेल देते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे थ्रॉटल (उजव्या मुठीने फिरवायचा अ‍ॅक्सिलरेटर) जितका उघडा, तितके तेल. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गाडी गिअरमध्येच सोडली, की चाके इंजिनाला वेगाने फिरवत राहतात आणि तेल मात्र जवळपास बंद झालेले असते. दादाने दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. उतारावर मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडायचा आणि दोन बोटे कायम क्लचवर ठेवायची. "ब्रेक नंतर. आधी ही दोन बोटं," असे तो म्हणायचा.

गाडी मिळून दोन महिने झाले होते. त्या दिवशी मी ऑइल मापाने न घेता नजरेनेच ओतले होते, ते कमी पडले. चूक सर्वस्वी माझी. लांब उतार होता, वारा छान लागत होता, थ्रॉटल बंद. इंजिनाचा सूर आधी किंचित पातळ झाला, हे मला आज कळते. तेव्हा कळले नाही. मग एक किरकिर, आणि मागचे चाक जागच्या जागी अडकले. गाडी शेपूट हलवल्यासारखी डावीकडे सरकली. मी विचार केला नाही, करायला वेळच नव्हता. दोन बोटांनी क्लच दाबला, इंजिनाशी जोड तुटून चाक सुटले, गाडी पुन्हा सरळ झाली आणि नुसती घरंगळत कडेला जाऊन थांबली. पिस्टन जाम झाला होता.

मी अर्धा तास दगडावर बसून होते. गरम धातू आणि जळक्या ऑइलचा वास येत होता आणि सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पट्ट्या निवताना टिकटिक वाजत होत्या. तो आवाज मला अजून हवा तेव्हा ऐकू येतो. निवल्यावर किक हलकेच दाबून पाहिली, पिस्टन सुटला होता. टाकीत जादा ऑइल घातले, गाडी सुरू झाली, आणि घरापर्यंत मी सायकलच्या वेगाने आले. सिलिंडर उघडल्यावर पिस्टनच्या कडेला उभे ओरखडे दिसले. दादा रागावला नाही. त्याने तो पिस्टन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "अंगठा फिरवून बघ." त्या ओरखड्यांची खोली माझ्या अंगठ्याला अजून माहीत आहे.

ही एकट्या माझी गोष्ट असती तर आपली जागा अडवली नसती. जर्मनीतल्या डीकेडब्ल्यू कंपनीने १९३९ साली आरटी १२५ नावाची छोटी टू-स्ट्रोक गाडी काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा आराखडा अनेक देशांत गेला. इंग्लंडमध्ये १९४८ साली बीएसएची बँटम तिच्यावरून निघाली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसननेही तिच्यावरून सव्वाशे सीसीची गाडी केली, रशियात तिची आवृत्ती बनली, आणि १९५५ साली यामाहाने बाजारात आणलेली स्वतःची पहिली मोटरसायकल, वायए-१, हीदेखील त्याच वळणाची होती. एकमेकांची भाषा न कळणारी, काही तर एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांतली माणसे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळत होती, काळा पडलेला प्लग पुसत होती. त्यातल्या कितीतरी जणांची ती पहिली गाडी असणार. त्यांना एका खोलीत बसवले असते, तर नुसत्या हातवाऱ्यांवर त्यांच्या गप्पा रंगल्या असत्या. होंडाची सुपर कब १९५८ साली आली आणि २०१७ पर्यंत तिच्या दहा कोटींहून अधिक गाड्या बनल्या. तिला डाव्या हाताचा क्लच नाही. म्हणजे कोट्यवधी लोकांच्या पहिल्या गाडीच्या आठवणीत ती दोन बोटे नाहीतच! त्यांच्याकडे दुसरे काहीतरी असणार. डाव्या पायाने गिअर दाबतानाचा तो ठोका असेल. ते मला वाचायला फार आवडेल.

हे लिहिणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. विमान उडवण्याआधी राइट बंधूंचा सायकलींचा धंदा होता. विल्बर राइट यांनी अनेक सायकलस्वारांना विचारले होते की डावीकडे वळताना तुम्ही नेमके काय करता. पूर्ण बरोबर उत्तर एकालाही देता आले नाही. कारण डावीकडे वळायचे तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे जाते, गाडी डावीकडे झुकते आणि मगच वळते. मोटरसायकलवर वेगात तर हे स्पष्टच जाणवते. डावीकडे जायचे असेल तर हँडलची डावी मूठ पुढे ढकलावी लागते. मी हे वर्षानुवर्षे करत होते आणि मला ठाऊक नव्हते. पहिल्यांदा कोणीतरी सांगितले तेव्हा मी वाद घातला, मग रिकाम्या सरळ रस्त्यावर जाऊन करून पाहिले. हाताला जे येते ते जिभेवर यायला वेळ लागतो. पण बसून, थोडे थोडे आठवून, खोटीच किक मारून पाहिले की येते. हे पत्र लिहिताना मी तीन वेळा उठून खोलीत उभी राहिले आहे.

त्या गाड्या परत याव्यात, असे माझे म्हणणे मुळीच नाही. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरवाटे बाहेर जायचा, वर ऑइलचा निळा धूर. कडक झालेल्या प्रदूषण नियमांपुढे त्या टिकल्या नाहीत, ते योग्यच झाले. आजच्या गाडीत पेट्रोल किती द्यायचे हे संगणक ठरवतो, बटण दाबले की ती सुरू होते, अनोळखी रस्त्यावर रात्री सहसा कोणी अडकून पडत नाही. माझी भाची अशीच गाडी चालवते, आणि ती निर्धास्त जाते याचा मला आनंद आहे. पण कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारी छोटी उघडझाप), किक यांच्याशी ज्यांचे हात बोलले, ती माणसे आता साठी-सत्तरीत आहेत. त्या गाड्या संग्रहालयात राहतील. चकचकीत पुसून ठेवलेल्या गाडीकडे पाहून तिचा चोक, म्हणजे थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप, सकाळी किती ओढायचा, हे मात्र कोणालाही कळणार नाही.

दादा जाऊन चार वर्षे झाली. त्याला विचारायचे बरेच राहून गेले. पॉइंटमधली फट मोजायला फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचे माप) हाताशी नसली की तो कसली तरी जाड कागदाची घडी वापरायचा. ती कसली आणि किती पदरी, हे मी कधी विचारले नाही, कारण तो होता.

म्हणून आपल्याला विनंती अशी. ही पत्रे थांबवू नका, पण पुढच्या आवाहनात वाचकांना एवढे अवश्य विचारा: तुमची पहिली गाडी थंड असताना कशी सुरू व्हायची? बिघडण्याआधी कोणता आवाज करायची? तुमचा कोणता हात कुठे असायचा, आणि तो तिथे ठेवायला तुम्हाला कोणी शिकवले? गाडीचे नाव नाही लिहिले तरी चालेल.

माझ्या गाडीचे मी इथेच लिहून देते. सकाळी गाडी मेन स्टँडवर. टाकीखालचा कॉक उघडायचा आणि दहापर्यंत आकडे मोजायचे, म्हणजे पेट्रोल खाली उतरते. कार्ब्युरेटरवरचे बारीक बटण बोटाने दाबून धरायचे, बोट ओले झाले की लगेच सोडायचे; त्यापुढे दाबले तर प्लग भिजतो आणि मग तो काढून पुसण्यावाचून सुटका नाही. चोक पूर्ण. चावी बंद ठेवूनच दोन किक सावकाश मारायच्या, आतले मिश्रण वर ओढले जाण्यासाठी. मग चावी चालू, थ्रॉटल नखभर उघडा, आणि तिसरी किक मन लावून, पाय मध्येच न उचलता तळापर्यंत. इंजिन लागले की थ्रॉटलला हात लावायचा नाही. आवाज जड आणि तुटक येऊ लागला की चोक अर्ध्यावर आणायचा, पुन्हा तसाच आला की पूर्ण बंद. थंडीच्या दिवसांत याला जवळपास दुप्पट वेळ लागतो, तेवढ्यात हातमोजे घालून होतात.

आपली,
एक नियमित वाचक