नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

‘बुरशीतून नैसर्गिक रंग’ हा रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यातले ‘नैसर्गिक, म्हणून सुरक्षित’ हे विधान पटले नाही. मोनॅस्कस ही बुरशी वाफवलेल्या तांदळावर ३० अंश सेल्सिअसच्या आसपास वाढवली की दाणा गडद लाल होतो. भात चिकट झाला तर हवा खेळत नाही, गोळे होतात आणि मधला दाणा पांढराच राहतो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. सिट्रिनिन दिसत नाही. या बुरशीच्या काही वाणांत रंगाबरोबरच तयार होणारे हे विष मूत्रपिंडाला घातक असते. युरोपीय संघाने अशा बुरशीने लाल केलेल्या तांदळाच्या पूरक आहारातली त्याची मर्यादा २०२० पासून किलोमागे २,००० वरून १०० मायक्रोग्रॅमवर आणली. तेव्हा सिट्रिनिन न बनवणारे वाण निवडून प्रत्येक घाण्याची तपासणी व्हायला हवी.

– एक अन्नतंत्रज्ञ, पुणे