सूचना: रक्ततपासणीची तारीख चुकवू नका

सर्व सभासदांना नमस्कार.

गणपतीच्या गडबडीत बऱ्याच जणांची तपासणी मागे पडली आहे, म्हणून कळकळीने लिहिते आहे.

संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट किंवा लेफ्लुनोमाइड चालू असेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करायचेच. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिले 3 महिने दर 2 ते 4 आठवड्यांनी, पुढचे 3 महिने 8 ते 12 आठवड्यांनी, नंतर दर 12 आठवड्यांनी. डॉक्टरांनी याहून लवकर सांगितले असेल तर त्यांचेच ऐका. 'मला काही त्रास नाही' म्हणून टाळू नका. यकृतावरचा ताण किंवा पांढऱ्या पेशींची घट सुरुवातीला अंगाला कळतच नाही.

मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच असते. रविवारी घेत असाल तर रक्त शुक्रवारी किंवा शनिवारी द्या. गोळीच्या दुसऱ्याच दिवशी दिले तर एसजीपीटी उगाच वाढलेले दिसू शकते. माझे तसेच झाले. गोळी थांबवावी लागली, बोटे पुन्हा सुजली, चहाचा कप धरवेना.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे संधिवाताचे औषध घेणाऱ्यांनी डोळ्यांचा पडदा सुरुवातीला एकदा आणि 5 वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यावा.

ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला किंवा दम लागला तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. या दिवसांत पुण्यात डेंगीही असतो, पण 'व्हायरल असेल' असे घरीच ठरवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि कोणती औषधे चालू आहेत ते आधी सांगा.