लाल हापसा, हिरवा हापसा

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू प्रवेश मिळाल्याचं सांगितलंस आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर ‘यात नोकरी कसली मिळते?’ फोन ठेवल्यावर तुझ्या आईने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तू पाठवलेली विषयांची यादी मग नीट वाचली. आंतरराष्ट्रीय विकास, शाश्वतता, हवामानबदल, प्रकल्पांचं मूल्यमापन. शेवटच्या विषयाशी थांबलो. बाकीचं तुझे प्राध्यापक शिकवतील; याबद्दल मात्र मलाही थोडं सांगता येईल.

पाणी तपासण्यात माझी एकतीस वर्षं गेली. बाटली येते, सोबत कागद येतो आणि कागदावर ज्या रकान्यांत खूण असेल तेवढंच बघायचं. क्षार, क्लोराइड, जंतू. पाण्यात आणखी काहीही असो, अहवालात ते उमटत नाही. खाली शिक्का पडतो, ‘पिण्यास योग्य’. नवा असताना एकदा साहेबांना विचारलं होतं, आर्सेनिक का नाही बघत आपण? ‘मागितलंय का कुणी?’ म्हणाले. मीही मुकाट्याने पुढची बाटली उचलली.

बांगलादेशात हेच झालं, फक्त एका अख्ख्या देशाच्या मापाने. नदी-तळ्यांचं पाणी पिऊन मुलं जुलाबाने दगावत होती, म्हणून १९७०च्या दशकात सरकारने आणि युनिसेफने गावोगावी कूपनलिका खणून हापसे बसवायला घेतले. लोकांना ते इतकं पटलं की पुढे त्यांनी स्वतःच्या पैशाने अंगणात हापसे घेतले. हेतूत खोट नव्हती. पण हिमालयाकडून नद्यांनी आणलेल्या गाळात लोहाच्या कणांना चिकटून आर्सेनिक बसलेलं होतं, आणि हवा न पोचणाऱ्या थरात ते सुटून पाण्यात उतरत होतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळलं तरी जात नाही. वर्षानुवर्षं प्यायल्यावर तळहात कडक होतात, कातडीवर डाग येतात, पुढे कर्करोग. तिथल्या विहिरींत ते असल्याचं १९९३ साली कळलं.

त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाने तिथल्या कूपनलिकांचं पाणी तपासलं होतं. बरीच मूलद्रव्यं पाहिली, आर्सेनिक त्या यादीत नव्हतं. यावरून तिथल्या गावकऱ्यांच्या वतीने ब्रिटनमध्ये खटला झाला, थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ साली निकाल आला की त्या गावकऱ्यांबाबत संस्थेवर तशी जबाबदारी येत नव्हती. कायद्याने ते बरोबरच असेल. मला मात्र आमच्या साहेबांचा आवाज ऐकू आला.

नंतर लाखो हापसे तपासले गेले. सरकारची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना तर १० म्हणते. मर्यादेच्या वर गेला तो हापसा लाल रंगवायचा, आत राहिला तो हिरवा. ऐकायला किती सोपं. पण अंगणातला हापसा लाल झाला की कळशी घेऊन दुसऱ्याच्या हिरव्या हापशावर जायचं, रोज, दिवसातून कितीदा तरी. तो दुसरा नेहमीच हसतमुखाने पाणी भरू देतो असं नाही. रंग उडतो. नवे हापसे बसतात, ते तपासलेलेच नसतात. रंगाच्या डब्यापाशी प्रकल्प संपतो, कळशीचं काम तिथून पुढे सुरू होतं.

आता आकड्यांची गंमत बघ (गंमत म्हणवत नाही खरं तर). सुरक्षित पाणी न मिळणाऱ्यांचं प्रमाण २०१५पर्यंत निम्म्यावर आणायचं, असं संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांत ठरलं होतं. २०१२ साली जाहीर झालं की ते २०१०मध्येच साधलं. मोजलं काय होतं? पाण्याचा स्रोत ‘सुधारित’ आहे की नाही. हापसा सुधारित धरायचा. लाल असला तरी. त्या मोजणीत पाणी कुणी तपासत नव्हतं. २०१५ साली त्यांच्या जागी शाश्वत विकासाची नवी १७ उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं आली, तेव्हा सहाव्या, पाण्याच्या उद्दिष्टाखाली व्याख्या कडक झाली: पाणी घरी हवं, लागेल तेव्हा हवं आणि जंतू, आर्सेनिक, फ्लोराइड यांपासून मुक्त हवं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०१७च्या अहवालात पाण्याची मूलभूत सोय ८९ टक्के लोकांना होती, या कडक मापाने मात्र ७१ टक्क्यांनाच. जग तेच, कागदावरचे रकाने वाढले.

याच बांगलादेशातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. फजले हसन आबेद यांच्या ब्रॅक या तिथल्या स्वयंसेवी संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघरी बायका पाठवून आयांना जुलाबावरचं पाणी शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. नुसतं सांगायचं नाही, आईने ते समोर करून दाखवायचं. सुमारे एक कोटी वीस लाख घरं झाली. खरी हुशारी पुढे आहे: महिनाभराने दुसरी माणसं त्यातल्या काही घरी जायची आणि आईला काय आठवतंय ते विचारायची. जितक्या आयांना नीट आठवे, त्या मानाने शिकवणारीचा पगार. या फेरीतच कळलं की आयांना पाणी करता येतं, पण मूल आजारी पडलं तरी पुष्कळजणी ते करत नाहीत. एरवी एवढी घरं शिकवली म्हणून टाळ्या पडल्या असत्या. त्यांनी पद्धत बदलली, घरातल्या पुरुषांनाही समजवायला लागले.

दोन्ही कामं एकाच देशातली, दोन्ही जुलाबाने मरणाऱ्या मुलांसाठीच, म्हणून ती शेजारी ठेवून वाच. तुझ्या यादीत सिद्धान्त पुष्कळ दिसले, ते हवेतच. महिन्याने परत जाऊन विचारायला किती तास ठेवलेत, ते काही दिसलं नाही. मूल्यमापनाचा सविस्तर अभ्यासक्रम हाती आला की पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो. नोकरीचं परत विचारायचं नाही, अशी तंबी मिळाली आहे.

तुझा
बाबा