ताई, तो शून्य आता येत नाही

ताई, हे पत्र खरं तर मागच्या दिवाळीतच लिहायचं होतं. तेव्हा फोनवर "थँक्यू ताई" म्हणालो आणि फोन ठेवला, पण तेवढ्यावर भागणार नाही हे तेव्हाही कळत होतं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही कंपायलरबद्दल जे शिकवलंत ते मराठीतून कोणी समजावून सांगितलं तर किती सोपं होतं हे मी अनुभवलंय, आणि माझ्यासारखं कोणीतरी आत्ता कुठेतरी त्याच शून्याकडे बघत बसलं असेल.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमची छोटी टीम आहे पुण्यात, रिस्क-फाइव्ह प्रोसेसरला आमच्या स्वतःच्या काही इन्स्ट्रक्शन जोडलेल्या, आणि त्या सी भाषेतून वापरता याव्यात म्हणून एलएलव्हीएममध्ये, म्हणजे सी चा प्रोग्राम प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनमध्ये बदलणाऱ्या आमच्या कंपायलरमध्ये, त्यांचे इन्ट्रिन्सिक लिहायचं काम माझ्याकडे आलं. इन्ट्रिन्सिक म्हणजे दिसायला फंक्शनच, पण त्याला बॉडी नसते, कंपायलर त्याला नावाने ओळखतो आणि आमच्या बाबतीत तरी शेवटी त्याची एकच इन्स्ट्रक्शन होते. आता बॉडीच नाही म्हटल्यावर हे मेमरी वाचतं का, लिहितं का, कुठली मेमरी, हे कंपायलरने बघायचं कुठे? इन्ट्रिन्सिकच्या व्याख्या असतात त्या डॉट टीडी फाइलमध्ये तुम्ही त्याच्या नावापुढे जे अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे गुणधर्म, लिहून द्याल तेच कंपायलरसाठी खरं. आज हे मी सहज लिहून गेलो, तेव्हा याचा अर्थ मला अजिबात कळलेला नव्हता.

पहिलीच इन्स्ट्रक्शन अगदी साधी होती. चिपवरच्या एका काउंटरचा आकडा उचलून रजिस्टरमध्ये आणायचा, बास. आर्ग्युमेंट नाही, पॉइंटर नाही. मी म्हटलं पॉइंटरच नाही म्हणजे मेमरीशी संबंध नाही, आणि लिहून टाकलं इन्ट्र-नो-मेम, म्हणजे मेमरीला हात लावत नाही. ओ-झिरोला, म्हणजे कोड वेगवान करायची कंपायलरची कामं (ऑप्टिमायझेशन) बंद असताना, मस्त चाललं. ओ-टू लावून ती चालू केली की आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांची वजाबाकी शून्य, कितीही वेळा चालवा, शून्यच. सात दिवस मी हार्डवेअरवाल्या मित्रांना सांगत होतो की तुमचा काउंटर अडकतोय, ते वेव्हफॉर्म काढून दाखवत होते की बघ चालतोय, मी परत बोर्ड बदलून बघत होतो, घरी जेवताना पण डोक्यात तेच.

शनिवार होता, तुम्ही बेंगलोरहून कॉलवर आलात. आमच्या कामाशी तुमचा काही संबंध नव्हता, एका मित्राने नुसता नंबर दिला होता. तुम्ही पहिलं वाक्य म्हणालात ते अजून आठवतं: "हार्डवेअर राहू दे, आधी आयआर दाखव." आयआर म्हणजे कंपायलरच्या आतलं प्रोग्रामचं मधलं रूप, आणि पास म्हणजे त्यावरची ऑप्टिमायझेशनची एकेक फेरी. मग प्रत्येक पासनंतरचा आयआर प्रिंट करायला लावलात, हजारो ओळी आल्या, आणि उत्तर न सांगता एवढंच विचारलंत की सुरुवातीला दोन कॉल आहेत आणि शेवटी एकच उरलाय, तर दुसरा नेमका कुठल्या पासमध्ये गेला ते तू शोध. पाऊण तास मी स्क्रोल करत होतो आणि तुम्ही पलीकडे शांतपणे थांबलेला होतात. उत्तर तुम्हाला पहिल्या मिनिटालाच माहीत असणार, तरी तुम्ही माझा हात धरून घाईने पुढे नेलं नाहीत, आणि ताई, त्या पाऊण तासात मी जेवढं शिकलो तेवढं त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत शिकलो नव्हतो.

सापडला तो अर्ली सीएसईमध्ये, म्हणजे तेच काम दोनदा दिसलं की दुसरं काढून टाकणाऱ्या पासमध्ये. मग तुम्ही सांगितलंत की नो-मेम लिहिणं म्हणजे कंपायलरला शब्द देणं: याचं उत्तर फक्त आर्ग्युमेंटवर ठरतं, बाकी जगाशी याचं देणंघेणं नाही. आणि आर्ग्युमेंट तर एकही नाही, मग उत्तर कायम तेच असणार ना, मग दुसरा कॉल कशाला ठेवायचा, पहिल्याचंच उत्तर वापरू. पुढे आकड्यातून तोच आकडा वजा म्हणजे शून्य. कंपायलरने माझा शब्द खरा मानला, एवढंच झालं होतं. वेटिंग लूपमध्ये हाच कॉल असता तर तो लूपच्या बाहेर निघून गेला असता आणि लूप कधी संपलाच नसता, हे पण तुम्ही तेव्हाच दाखवलंत.

मी लगेच म्हटलं मग इन्ट्र-रीड-मेम करतो, वाचतोयच तर आपण. तुम्ही म्हणालात कर आणि चालवून बघ. परत शून्य! मग मी दोन कॉलच्या मधे एक प्रिंट-एफ (स्क्रीनवर छापणारं फंक्शन) टाकला आणि आकडा बरोबर आला, प्रिंट-एफ काढला की परत शून्य. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू येईल असं वाटलं होतं. आणि तुम्ही इतक्या शांतपणे उलगडून सांगितलंत: फक्त वाचतो असं सांगितलंस ना, मग दोन वाचनांच्या मधे कोणी काही लिहिलंच नसेल तर दोन्ही वेळा तेच मिळणार, असं तो धरून चालतो. मधे आमचे नुसते गुणाकार-बेरजा होत्या, सगळं रजिस्टरमधलं, मेमरीत कोणी काही लिहीतच नव्हतं. प्रिंट-एफ मेमरीत काय लिहील याचा भरवसा नाही म्हणून तो मधे आला की कंपायलर सावध व्हायचा. काउंटर बदलतो तो हार्डवेअरमुळे, आणि हार्डवेअर हा लिहिणारा कंपायलरच्या नकाशावरच नाही.

मग तुम्ही एलएलव्हीएमचीच मुख्य इन्ट्रिन्सिक फाइल उघडायला लावलीत आणि रीड-सायकल-काउंटर, म्हणजे आमच्यासारखंच काउंटर वाचणारं इन्ट्रिन्सिक, शोधायला सांगितलंत. तिथे मेमरीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि काही लिहिलं नाही म्हणजे सगळ्यात वाईट शक्यता धरायची, हवी ती मेमरी वाचेल, हवी ती लिहील. आपल्याला काउंटरसाठी एवढं घाबरायचं नव्हतं म्हणून आपण इन्ट्र-इनॅक्सेसिबल-मेम-ओन्ली घेतलं, वाचणं आणि लिहिणं दोन्ही धरून: प्रोग्रामला थेट दिसत नाही अशा कुठल्यातरी मेमरीशी याचा संबंध आहे. त्यामुळे दोन कॉल एक होत नाहीत, पण आजूबाजूचे साधे लोड-स्टोअर, म्हणजे मेमरीतलं वाचणं-लिहिणं, मोकळे राहतात. मधले गुणाकार या कॉलच्या अलीकडे-पलीकडे सरकायचं या अ‍ॅट्रिब्यूटने थांबत नाही, तो वेगळा प्रश्न आहे, हेही तुम्ही त्याच दिवशी बजावलंत, नाहीतर मी परत पुढच्या शनिवारी तोंड पाडून कॉल केला असता.

आणि एवढ्यावर मी फाइल बंद करणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "हे फक्त आयआरपुरतं झालं, खाली काय?" खाली सिलेक्शन-डॅगमध्ये, म्हणजे आयआरवरून खऱ्या इन्स्ट्रक्शन निवडल्या जातात त्या टप्प्यात, नो-मेम असलेल्याला चेनच मिळत नाही, मेमरीला हात लावणाऱ्याला मिळते, आणि त्या चेनमुळेच त्याचा क्रम टिकतो. त्याच्याही खाली खऱ्या इन्स्ट्रक्शनच्या डेफिनेशनमध्ये हॅज-साइड-इफेक्ट्सचा (न दिसणारे परिणाम आहेत का हे सांगणारा) फ्लॅग वेगळा, तो मी शून्य ठेवला होता. वर सगळं दुरुस्त करून खाली मशीन-सीएसईने, म्हणजे खऱ्या इन्स्ट्रक्शनवर चालणाऱ्या तशाच पासने, तेच परत केलं असतं.

डीएमएवाल्या, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता हार्डवेअरकडून मेमरी कॉपी करून घेणाऱ्या, इन्ट्रिन्सिकबद्दल तर मला वेगळे आभार मानायचेत. तो रिव्ह्यू तुम्ही केला नसतात तर ते थेट कस्टमरच्या बोर्डावर गेलं असतं. त्या इन्ट्रिन्सिकला एका डिस्क्रिप्टरचा पॉइंटर द्यायचा, डिस्क्रिप्टरमध्ये कुठून कुठे कॉपी करायचं ते पत्ते. मी मेम-कॉपीची, म्हणजे साध्या मेमरी कॉपीच्या इन्ट्रिन्सिकची, डेफिनेशन समोर ठेवून तशीच लिहिली होती, तिथे आर्ग-मेम-ओन्ली आहे, पहिल्या पॉइंटरला फक्त लिहिणं, दुसऱ्याला फक्त वाचणं, दोघांनाही नो-कॅप्चर, म्हणजे तो पत्ता कुठे जपून ठेवत नाही. मी पण आर्ग-मेम-ओन्ली आणि रीड-ओन्ली लावलं, कारण डिस्क्रिप्टर तर फक्त वाचला जातो ना. तुम्ही एका ओळीची कमेंट टाकलीत, "डिस्क्रिप्टरच्या आत जे पत्ते आहेत त्यांचं काय?"

मला दोन दिवस लागले ते पचायला. आर्ग-मेम-ओन्लीचा शब्द फक्त आर्ग्युमेंटमधून आलेल्या पॉइंटरवरून पोचता येईल तेवढ्या मेमरीचा आहे, मेमरीतून उचललेला दुसरा पत्ता त्यात येत नाही. म्हणजे कंपायलरच्या हिशोबाने आमचं इन्ट्रिन्सिक खऱ्या बफरला हातच लावत नव्हतं. मी टेस्ट लिहून बघितली: फंक्शनमधला लोकल अ‍ॅरे, त्यात डेटा भरला, पत्ता डिस्क्रिप्टरमध्ये टाकला, इन्ट्रिन्सिक कॉल केलं. ओ-टूला डेटा भरणारे सगळे स्टोअर उडालेले, कारण त्यांना वाचणारं कोणी दिसतच नव्हतं. डीएमएने कचरा कॉपी केला असता. आणि आमच्या त्या वेळच्या टेस्टमध्ये बफर ग्लोबल होता म्हणून हे कधीच दिसलं नसतं.

त्याच्या जोडीचं डीएमए-वेट, म्हणजे कॉपी संपेपर्यंत थांबणारं, त्याला एकही आर्ग्युमेंट नाही आणि म्हणून माझा हात परत नो-मेमकडे जात होता. तिथे तुम्ही सगळे अ‍ॅट्रिब्यूट काढायला लावलेत, आणि डिफॉल्ट-अ‍ॅट्रिब्यूट्सवाला क्लास पण बदलून साधा क्लास घ्यायला लावलात, कारण तो क्लास न विचारता नो-सिंक (दुसऱ्या कोणाशी ताळमेळ साधत नाही) वगैरे शब्द आपल्या वतीने देऊन टाकतो आणि वेटचं कामच मुळी सिंकचं. ही गोष्ट मी स्वतःहून कधी बघितली असती असं मला वाटत नाही.

अजून एक आठवण. मी जुन्या लेखांवरून शिकत होतो आणि त्यातले रीड-नन, आर्ग-मेम-ओन्ली हे फंक्शनवरचे अ‍ॅट्रिब्यूट माझ्या आयआरमध्ये कुठे दिसेनात. २०२३ मध्ये आलेल्या एलएलव्हीएम १६ पासून ते सगळे जाऊन एकच मेमरी अ‍ॅट्रिब्यूट आला, त्याच्या कंसात कुठली मेमरी आणि वाचणं की लिहिणं ते येतं. तुम्ही वहीच्या पानावर जुनं डावीकडे नवं उजवीकडे असा तक्ता हाताने लिहून फोटो पाठवलात, रात्री साडेअकराला, खाली लिहिलेलं, "झोप आता." तो फोटो प्रिंट काढून माझ्या मॉनिटरशेजारी लावलाय, शाई फिकट झाली तरी काढलेला नाही.

आता मी कुठलंही नवीन इन्ट्रिन्सिक कोरंच ठेवून सुरू करतो, काहीही शब्द न देता. मग एकेक अ‍ॅट्रिब्यूट वाढवतो, आणि प्रत्येकासाठी दोन टेस्ट, जे ऑप्टिमायझेशन व्हायला हवं ते होतंय याची एक आणि जे होता कामा नये ते होत नाही याची एक. दुसरी टेस्ट लिहायला जास्त वेळ जातो आणि टीममध्ये कधी कधी विचारतात की एवढं कशाला, तेव्हा मी त्यांना लोकल अ‍ॅरेची ती फाइल चालवून दाखवतो.

तुम्ही चार शनिवार दिलेत मला, ओळख नसताना. तुमच्या घरी मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मुलगा मधेच येऊन काहीतरी विचारून जायचा, आणि तुम्ही "एक मिनिट हं" म्हणून उठून परत येऊन बरोबर त्याच ओळीवर सुरू करायचात. एकदाही "हे तर साधं आहे" म्हणाला नाहीत. माझं इंग्रजी अडखळतं हे ओळखून तुम्ही आपणहून मराठीत बोलायला लागलात, त्यानंतर मला प्रश्न विचारायची भीती वाटेनाशी झाली. आईला मी सांगितलंय तुमच्याबद्दल, तिला कंपायलर म्हणजे काय ते माहीत नाही पण तुमचं नाव तिला पाठ आहे.

पुढच्या महिन्यात पुण्यात येताय असं कळलं. घरी जेवायला यायचंच, आई आत्तापासून विचारतेय की ताईंना आमटी तिखट चालते का. आणि येताना थोडा वेळ जास्त काढून या, मास्क असलेल्या, म्हणजे ठरावीकच घटक मेमरीतून वाचणाऱ्या, व्हेक्टर लोडला काय शब्द द्यायचा यावर मी तीन टेस्ट लिहून ठेवल्यात आणि त्यातल्या एकीचं उत्तर मला अजून पटलेलं नाही.